डब्बेवाले भाऊ

ट्रान्सफॉर्मरजवळून जाताना डब्बेवाले भाऊ बोलता बोलता थांबत. मान तिरपी करून वरची गुणगुण ऐकत आणि ती ठीक वाटली की मगच अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. अल्लीपूरला वीज नवीनच आली होती. भाऊ लाईनमन म्हणून आले आणि माझ्या शेजारच्या खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड केलं. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका, एकटीच राहणारी. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, पहिल्याच आठवड्यात बजावलं, "बाई, एका जीवासाठी काऊन चूल पेटवता? इकडंच जेवत जा."

ट्रान्सफॉर्मरला भाऊ डब्बा म्हणत. लोक विजेला भीत, घरात घ्यायला तयार नसत. भाऊ ओसरीओसरीवर बसून समजावत. एकदा माझ्या टकळीचं सूत घेऊन त्यांनी लोखंडी कडीला एका बाजूनं पुष्कळ वेढे दिले, दुसऱ्या बाजूनं मोजकेच. "इकडून अकरा हजार व्होल्ट येते. तिकडं वेढे कमी, म्हणून घरापुरती दोनशे तीसच निंघते. दोन्ही तारा एकमेकीले शिवतही नाई. डब्ब्यातून उतरली का गाय होते, पाहा!" लोक हसले. हळूहळू घरोघर दिवे लागले.

पुढच्या श्रावणात खांबावरून घरात येणाऱ्या तारेचं आवरण झिजलं आणि ती अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेला टेकली. कपड्यांची तार भाऊंनीच बांधलेली. वहिनी ओलं लुगडं टाकायला गेल्या. किंकाळी ऐकून मी धावले, तर भाऊ ओरडले, "शिवू नका, बाई!" कोरड्या बांबूनं त्यांनी वहिनींना सोडवलं. वहिनींनी डोळे उघडले नाहीत.

तेरवीनंतर भाऊ पुन्हा त्याच घरांतून फिरले. दारात उभे राहून हात जोडत. "मी गाय म्हणलो होतो. चुकलो. उतरलेलीबी जीव घेते. ओल्या हातानं शिवू नका." प्रत्येक अंगणातली कपड्यांची तार सोडून त्यांनी दोरी बांधून दिली. कुणी चहाला बसवलं तर बसले नाहीत.

मग त्यांनी पुलगावला बदली मागून घेतली. मी बसपर्यंत पोचवायला गेले. ते खिडकीत बसले.

"बाई, साऱ्या गावाले समजावत फिरलो. तिले एक दिवस सांगतलं नाई."

"भाऊ, तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"तिनं कधी इचारलंच नाई. म्हणे, तुमी असतानी मले कायचं भेव?"

बस सुटेपर्यंत मी खिडकीचा गज धरून उभी होते.