दादाच्या गळ्याच्या मापाची डबी

खरखऱ्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण आपल्या गिटारमधून नेमकी किती खरखर निघावी या विवंचनेत ज्याने निम्मी उमर घालवली, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. फिरत्या चाकाला काच लावायची, पाण्याची धार सोडायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, पुन्हा घासायची. बसली तर बसली. केसभर जास्त घासली गेली की ती काच कचऱ्यात आणि मालक डोक्यावर. या धंद्याने त्याला एक खोड लावून ठेवली होती. जगातली कुठलीही वस्तू त्याला जराशी जास्त नाहीतर जराशी कमीच वाटायची. वहिनी म्हणायची, "भाऊजींचं लग्न राहिलं ते उगाच नाही. मुलगी बघायला जातील आणि म्हणतील, इथून थोडी घासून द्या."

रविवारी मात्र दोघा भावांचा दिवस असायचा. एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर जेवणाचा मोठा हॉल होता. तिथे दुपारी दादा गायचा आणि हा शेजारी उभा राहून गिटार वाजवायचा. दादाचा आवाज भरदार होता. जेवायला आलेली माणसं गाण्याकडे फारसं लक्ष देत नाहीत, हे गाणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं; पण दादाने वरचा सूर लावला की घास घेतलेले हात मध्येच थांबायचे. दादाला तेवढं पुरायचं. पुढचा आठवडाभर तो त्याच्यावरच जगायचा.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाज परत आला, पण शेजाऱ्याचा चुकून आपल्याकडे यावा तसा. मध्येच हवा निघून जायची, वर जाताना चिरकायचा. गोदामातल्या नोकरीवर दादाने स्वतःहूनच पाणी सोडलं. दिवसभर खिडकीशी बसायचा. दाढी वाढलेली, ताटातलं अर्धं तसंच. विचारायचा एकच गोष्ट, "रविवारचं काय?"

रविवारचं असं होतं की हॉटेलचा मॅनेजर म्हणाला होता, "एक रविवार ऐकतो. जमलं तर तुम्हीच. नाही तर मग बघू." 'मग बघू'चा अर्थ न कळायला दोघेही भाऊ दूधखुळे नव्हते. आणि गाणं गेलं तर दादातला माणूस किती शिल्लक राहील, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

खरखऱ्याने मनाशी हिशेब मांडला. गिटार साफ, गुळगुळीत वाजवली तर दादाचा आवाज उघडा पडतो, एकेक चीर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते. पायाशी फझची डबी लावली, तर आवाज पुरता गाडला जातो. फझ म्हणजे पायाने बटण दाबलं की गिटारच्या आवाजाला खरखर आणणारी लोखंडी डबी. बाजारातल्या बहुतेक डब्यांना एकच भाषा येते, भांडणाची. याला हवी होती कमी गेनची, म्हणजे आवाज जेमतेम चिरेल न चिरेल, अशी. दादाच्या गळ्यातल्या खरखरीसारखीच खरखर गिटारला आली, तर त्या चिरा मुद्दाम काढल्यासारख्या वाटतील. कापडाच्याच रंगाचं ठिगळ लावावं, तसं.

एका जिन्याखालच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. जुन्या रेडिओंच्या पोटातून काढलेले ट्रान्झिस्टर घालून तो असल्या डब्या बनवायचा. खरखऱ्याने त्याच्या सगळ्या डब्या वाजवून पाहिल्या. ही फार चावते, ती फार गोड, ही दमेकऱ्यासारखी धापते. मिस्त्रीच्या नाकी नऊ आले.

"एक सांग," तो सोल्डरिंगची कांडी खाली ठेवत म्हणाला, "तुला खरखर हवी, पण खरखर नको. घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरचंच आहे हे." खरखऱ्याने मोबाइल काढला. त्यात दादाचं गुणगुणणं रेकॉर्ड केलं होतं. रेकॉर्ड करताना दादा म्हणाला होता, "शिंप्याने कंबर मोजावी तसा घसा मोजतोयस की रे माझा. जरा सैल ठेव, अजून वाढायचंय मला." ऑपरेशननंतर त्याने केलेली ती पहिली थट्टा.

मिस्त्रीने ते ऐकलं आणि पुढे वाद घातला नाही. ट्रान्झिस्टर बदल, गिटार छेड, मोबाइल लाव, पुन्हा बदल, असं चालू राहिलं. अखेर ट्रान्झिस्टरच्या एका जोडीवर दोघांनीही मान वर केली. मोबाइलमधला कुठला आणि स्पीकरमधला कुठला, हे डोळे मिटले तर सांगता येईना.

"घे," मिस्त्री म्हणाला. "जुळे भाऊ निघाले."

घरी बारीक आवाजात तालीम केली. दादा वर जाताना चिरकला, तर ती चीर गिटारमध्ये अलगद मिसळून गेली. स्वयंपाकघरातून वहिनी ओले हात घेऊनच बाहेर आली. "आधीची रेकॉर्ड लावली होय?" तिने विचारलं. त्या रविवारी सकाळी दादाने दाढी केली, आणि सदऱ्याला इस्त्री नीट नाही म्हणून वहिनीवर खेकसलाही. तिला इतकं बरं वाटलं की तिने सदरा पुन्हा इस्त्री करून दिला.

हॉल भरलेला होता. ताटल्यांचा खणखणाट, वेटरांची धावपळ, त्यामुळे गिटारचा आवाज घरच्यापेक्षा बराच मोठा ठेवावा लागला. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं आणि खरखऱ्याने करंगळीने गिटारवरची आवाजाची खुंटी किंचित मागे घेताच डबीने अशी काही हाक घातली की त्याच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत कधी नव्हे ती, ना जास्त ना कमी. तो डोळे मिटून वाजवत राहिला. तिसऱ्या गाण्यात तर दादाचीच चाल त्याच्या बोटांतून आपसूक निघू लागली. टाळ्या पडल्या.

मॅनेजर स्वतः चालत आला. "अहो, पहिल्यासारखा आवाज लागला की! पुढचा रविवार तुमचाच."

हॉलच्या मागे खुर्च्या रचून ठेवायची खोली होती. दादा तिथे एका खोक्यावर बसला होता. खरखऱ्या नाचतच आत शिरला. "दादा, जिंकलो! ऐकलंस ना मॅनेजरचं?"

"ऐकलं. तू मला कुठपर्यंत ऐकलंस?"

"म्हणजे?"

"मी गात होतो ते. कुठपर्यंत ऐकू आलं तुला?"

"शेवटपर्यंत! असं काय विचारतोस?"

दादा आपल्या गळ्यावरून हात फिरवत राहिला. "दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर थांबलो मी. माझं मलाच ऐकू येईना. तू कुठला, मी कुठला, कळेना. म्हणून जोर लावला, तर वर काही आलंच नाही, तोंडाला रक्ताची चव आली. मग नुसते ओठ हलवले." सदऱ्याच्या बाहीने ओठ पुसत तो म्हणाला, "वाटलं, तू तरी वळून बघशील."

खरखऱ्या तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. चूक कुठे झाली ते त्याला लख्ख दिसलं. दोन आवाज एकाच मापाचे केले आणि एकाच जागेत कोंबले. त्यातला दमदार होता त्याने दुबळ्याला गिळलं. ठिगळाने कापड खाल्लं होतं. आणि वळून पाहिलं नव्हतं, ते मात्र मिस्त्रीलाही दुरुस्त करता येणार नव्हतं.

"मी बदलून आणतो," तो घाईघाईने म्हणाला. "थोडी वरची धार काढली की तुला जागा होईल. एवढ्यातेवढ्याचाच फरक आहे दादा, खरंच."

"नको. छान आहे ती. पुढच्या रविवारी तू ये, मी येत नाही."

"तुझ्याशिवाय मी कसा वाजवू?"

"आज वाजवलंस की." दादाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर खरखऱ्याला कुठे तरी पाय टेकायला जागा मिळाली असती.

दोघे घरी आले. वहिनी दारातच उभी होती. तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला. "काय झालं? सांगा ना कुणीतरी. कसं झालं गाणं?"

खरखऱ्याने मान खाली घातली. दादा चपला काढत म्हणाला, "फार सुरेख. हा फार सुरेख गायला."

वहिनी खळखळून हसली. तिला वाटलं, हे पुन्हा थट्टा करायला लागले, म्हणजे आता काही काळजी नाही.