हिरवी पट्टी

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात छातीत दुखतंय म्हणून त्यांना लोह्याहून नांदेडच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा जीपमध्ये अर्धी गल्ली बसून आली. आमच्याकडे पेशंट एकटा जात नाही. एकटा गेला तर लोक म्हणतात, याला कुणी नाही. मी नांदेडलाच राहते, म्हणून थेट दवाखान्याच्या दारात भेटले.

अपघात विभागात नवा नियम लागला होता, एका पेशंटमागे एकच नातेवाईक. मला तो मनापासून आवडला. मागे सासूबाईंना आणलं तेव्हा स्ट्रेचर वळवायला जागा नव्हती आणि एक गृहस्थ ऑक्सिजनच्या सिलिंडरला टेकून डबा खात होते. आत कोण जाणार, यावर गल्लीचं लगेच एकमत झालं. मी शिकलेली, मला डॉक्टरांशी बोलता येतं. आई बाहेर वॉचमनपाशी राहिली.

आत नर्स मनगटाला रंगीत पट्ट्या बांधत होती. लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे थोड्या वेळानं, हिरवी म्हणजे बसा. तिनं दादांना विचारलं, कसं वाटतंय?

"बरं हाय," दादा म्हणाले.

दाढ उपटून आल्यावरही ते हेच म्हणाले होते. कुणी विचारलं की बरं म्हणायचं, रडगाणं गायचं नाही, ही त्यांची रीत. छातीचं विचारलं तर म्हणाले, करपट ढेकर यायलेत, बाकी काही न्हाई. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? सकाळी मी तिथं नव्हतेच. बीपी ठीक निघालं आणि हिरवी पट्टी बांधली गेली. दादांनी तर आपली खुर्चीही एका लेकुरवाळीला दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात आई वॉचमनचा हात झिडकारून आत घुसली.

"सकाळपासून घामानं न्हाऊन निघालेत हे. डावा हात दाबून धरला होता," ती नर्सला म्हणाली.

नर्सनं कात्रीनं हिरवी पट्टी कापली, लाल बांधली आणि दादांना स्ट्रेचरवर घेतलं. पण आईच्या मागोमाग उघड्या दारातून गल्लीही आत आली होती, आणि दादांचं स्ट्रेचर त्यांच्यातच अडकलं. मी माझ्याच काका-मावश्यांना ढकलत होते. नियम मोडला म्हणून दादांचा झटका कळला, आणि नियम मोडला म्हणूनच त्यांना पुढं नेता येईना. रागवावं कुणावर, मला अजून कळलेलं नाही.

दादा वाचले. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तर पुन्हा तेच.

आता मी रोज फोन करते. ते "बरं हाय" म्हणतात, आणि ताटावर बसावं की लोह्याची गाडी धरावी, मला समजत नाही. मग मी म्हणते, फोन जरा आईकडे द्या.