बधिर बोटं

गंधार उतरतोय हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तारेला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! झाशीच्या इलाइट चौराह्यावर जाऊन व्हायोलिनच्या नव्या तारा आणल्या, घोडी सरकवून पाहिली, गजाला राळ घासली. गंधार होता तिथेच राहिला, केसभर खाली. सत्तरीला टेकलेला माणूस सगळ्या जगावर संशय घेईल, पण स्वतःच्या हातावर घेणार नाही. मी दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावूनही आलो.

मी काही मोठा वादक नव्हे. जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकुनी केली. पण सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी तासभर व्हायोलिन, आणि गणपतीचे दहा दिवस आमच्या मराठी लोकांच्या देवळात आरतीनंतरच्या भजनाला साथ, हे कधी चुकवलं नाही. झाशीत आमची मराठी घरं ती किती! त्यांत व्हायोलिन धरणारा मी एकटा, म्हणून माझी चलती. व्हायोलिन मात्र वडिलांचं. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते रेल्वेच्या कारखान्यात मिस्त्री होते. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा एका गोऱ्या गार्डानं जाता जाता ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. अण्णांनी त्या व्हायोलिनला जमिनीवर बसवलं. मांडी घालून, त्याचं टोक पावलाला टेकवून ते भजनं वाजवत. माझ्याआधी देवळात साथीला तेच बसायचे.

फाल्गुनातली गोष्ट. प्रेम नगरच्या घरात सकाळी चहाचा पेला डाव्या हातात धरून बसलो होतो. एकदम मुलगी ओरडली, "बाबा, हाथ!" पेला चांगलाच कढत होता. तर्जनी आणि मधलं बोट लालबुंद झालं होतं आणि मला पत्ताच नव्हता. वाजवताना सगळा भार याच दोन बोटांवर असतो. "थंडीनं झालं असेल," मी म्हणालो. थंडी जाऊन पंधरा दिवस झाले होते. मुलगी शाळेत शिकवते, ती अशा उत्तरांना फसत नाही. तिनं मला दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टर नवा, तरुण होता. मी सांगितलं, "डॉक्टर साहब, दो उँगलियाँ बधिर हो गई हैं।" त्याला उँगलियाँ ऐकूच गेलं नसावं. बधिर एवढंच गेलं. तो पुढं वाकला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागला, "बाबूजी, कौन से कान से नहीं सुनाई देता?"

"कान नहीं जी, उँगली!"

"तो ऐसे कहिए ना, सुन्न हो गई हैं।"

बाकावरचे लोक हसले, मीही हसलो. त्यानं टाचणी टोचून पाहिली, मान हलवली, मनगटाची शीर दबली आहे म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या. या वयात पूर्ववत होईल असं सांगवत नाही, हेही म्हणाला. हात दाखवून अवलक्षण. टेम्पोत बसलो आणि मग माझं हसू मावळलं. हा शब्द माझा नव्हता. आमच्या घरात हाताला मुंग्या येत. बाहेर हिंदीत बोलताना मीही सुन्नच म्हणत आलो. बोटांना बधिर म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता, तो म्हणजे अण्णा, आणि तेही एकदाच.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. गणपतीत भजनाला अण्णांचा गंधार उतरला. एकदा नाही, रोज. गाणारे बुवा वळून वळून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पार्सल ऑफिसातले दोन मित्र घरी चहाला आले होते. अण्णा आपला डावा हात उलटासुलटा करून बघत म्हणाले, "बोटं बधिर झालीत रे माझी. कुठं दाबतो ते कळत नाही."

मी शाळेत हिंदी शिकलेला. बधिर म्हणजे बहिरा, याहून दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी म्हणालो, "अण्णा, बधिर कान होतात. बोटांवर कशाला ढकलता?" आणि मित्रांना मराठी कळत नव्हतं म्हणून तेच हिंदीत, तिखटमीठ लावून सांगितलं. दोघं पोट धरधरून हसले. अण्णाही हसल्यासारखे झाले. त्यांनी काही समजावलं नाही. तो शब्द पुन्हा काढलाही नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या जागेवर मी बसलो.

एवढ्यावर थांबतो तर मी शहाणा. त्यांचे कान गेले असं मी खरंच धरून चाललो. त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागलो, मग सगळं घर मोठ्यानं बोलू लागलं, मग शेजारीही. "हळू बोल रे, ऐकू येतं मला," असं ते म्हणत, आणि मी मनात म्हणायचो, बहिरी माणसं असंच म्हणतात. ते गेले त्या दिवशीसुद्धा मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोललो होतो. ज्या माणसाला कारखान्याचा भोंगा कुठल्या सुरात वाजतो ते सांगता यायचं, त्याच्या कानाशी. बोटं कारखान्यातल्या हातोड्यानं गेली की वयानं, ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

टेम्पोतून उतरून घरी आलो ते सरळ व्हायोलिन घेऊन बसलो. गंधार लावला. तो माझा नव्हताच. खाली किती उतरायचा, आणि मग सावरून वर चढायला किती वेळ घ्यायचा, सगळं तेच, बुवा ज्याला वळून बघायचे ते. मी साफ घाबरलो. माझ्या हातातून अण्णा वाजवत होते. त्यानंतर रोज सकाळी गज ओढायचो तो, आज तरी ते येऊ नयेत, असं मनात म्हणत. ते यायचेच. शेवटी मी व्हायोलिन पेटीत बंद केलं आणि भाद्रपद लागला तसा देवळात निरोप धाडला, या वर्षी जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आली ती तडक माझ्यासमोर बसली. निरोप तिला देवळातूनच कळला होता. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत.

"उँगलियों की वजह से?"

मी म्हणालो, "कंटाळा आला."

तिनं माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. म्हणाली, "आजोबा का भी यही था ना?"

मी चमकलो. "तुला कुणी सांगितलं?"

मग तिनं सांगितलं. ती पाच-सहा वर्षांची असताना अण्णा तिच्याशी एक खेळ खेळत. ते डोळे मिटून डावा हात पुढं करत, तिनं एक बोट धरायचं आणि त्यांनी ओळखायचं. "हर बार हार जाते थे," ती म्हणाली. "मुझे लगता था मुझे जिताने के लिए हारते हैं।" त्या वेळी मी त्याच घरात होतो. बहुधा बाजूच्या खोलीत व्हायोलिन वाजवत.

"आपण खेळू या," मी म्हणालो आणि डोळे मिटले. हात पुढं धरला. बराच वेळ काही झालं नाही.

"धर ना," मी म्हणालो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कब से पकड़े बैठी हूँ।"

तेव्हा मला राहवलं नाही. जे बायकोलाही कधी बोललो नव्हतो ते सगळं तिला सांगितलं. चहा, मित्र, तो विनोद, आणि आम्ही सगळे किती वर्षं त्यांच्यावर ओरडत राहिलो ते. तिचे आजोबा बहिरे होते असंच तीही समजत आली होती. सांगून झालं तरी डोळे उघडायचा मला धीर होईना. तिनं हात सोडला होता की अजून धरून ठेवला होता, ते मला कळत नव्हतं.