पडद्यावरची पन्नी

पन्नी काढायची राहिली. कॉम्प्युटर भंगारातला आहे असं सांगायचं ठरवून मी तो अमरावतीहून अकोल्याला नेला, आणि मॉनिटरवरची प्लास्टिकची कोरी पन्नी तशीच राहिली. ती सापडली ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या बोटांना. त्या दिवसांत त्यांची बोटं डोळ्यांपेक्षा हुशार झाली होती.

सासरे अकोल्याला जुन्या शहरात राहतात. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. समोर माणूस उभा आहे हे कळतं, नाकडोळे कळत नाहीत. त्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. "तुमचं नाक म्या लग्नातच पाहून घेतलं, जावईबापू. पुन्हा पाहासारखं काई नाही त्यात."

दुःख होतं ते पेपरचं. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की सासरे मोठ्याने पेपर वाचायचे आणि त्या भाजी निवडत ऐकायच्या. मधेच विचारायच्या, "चांदूरचं काई आलं का?" चांदूर बाजार हे त्यांचं माहेर. आता पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहायला लागला होता. त्या भाजी निवडायच्या, हे भिंतीकडे बघायचे.

डॉक्टर म्हणाले, अक्षर मोठं करून दिलं तर काही काळ वाचतील. म्हणून डेस्कटॉप. मुलीच्या क्लासची फी भरून जे उरलं, ते घेऊन मी राजापेठेतल्या एका दुकानात गेलो. म्हटलं, पडदा सगळ्यात मोठा द्या, बाकी जुनंपुराणं चालेल. कॅबिनेट वापरलेलं घेतलं. कीबोर्डवरची अक्षरं झिजलेली होती, पण ती सासऱ्यांना तशीही दिसणार नव्हती. यूपीएस मात्र सोडला.

"भाऊ, लाइट गेली का गपकन बंद पडते ना मंग," दुकानदार म्हणाला.

"ते नंतर नेतो," मी म्हणालो. आमच्या घरात 'नंतर' या कपाटात पुष्कळ वस्तू ठेवलेल्या आहेत.

पण खरी अडचण पुढेच होती. सासरे लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आमच्याकडे आले की अकोल्याहून भरून आणलेली बाटली काढतात आणि माझ्यादेखत घटाघटा पितात. असा माणूस जावयाकडून कॉम्प्युटर घेणार? म्हणून बायकोने युक्ती काढली : ऑफिसातून भंगारात निघाला म्हणून सांगा. तिने कॅबिनेटवर ओट्याचं फडकं फिरवून त्याला जरा म्हातारपणही आणलं. मॉनिटर माझ्याकडे होता. एसटीत तो अख्खा रस्ताभर मांडीवर घेऊन बसलो, पाय बधिर झाले, पण पन्नी दिसली नाही.

सगळं जोडून झालं. सासऱ्यांनी पडद्यावरून हात फिरवला, कोपऱ्याशी थांबले, नखाने टोक उचललं. चर्रर्र.

"जावईबापू, तुमच्या हापिसात भंगाराले पन्नी लावून ठेवतात का?"

"आमच्या साहेबांना स्वच्छता फार आवडते," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "आनलं तं आनलं. पन आता याच्यावर एक वायर जरी आनली, तं हे बी वापस न्या."

निघताना त्यांनी तुरीच्या डाळीचं पोतं आमच्या पुढ्यात ठेवलं. बायको कितीतरी दिवस शेजाऱ्यांना डाळ वाटत होती. यूपीएसचा विषय तिथेच मिटला.

पडद्यावर पेपर कसा उघडायचा आणि माउसचं चाक फिरवलं की अक्षर कसं फुगतं, हे बायकोने त्यांना शिकवलं. सुरुवातीला हरभऱ्याएवढं अक्षर पुरायचं. दिवाळीला गेलो तर ते लिंबाएवढं झालं होतं. संक्रांतीला अख्ख्या पडद्यावर एकटा 'शे' होता आणि सासरे पुढच्या 'त'पाशी पोहोचायची धडपड करत होते. एक बातमी संपेपर्यंत भाजी शिजूनही झाली असती. तरीही सासूबाई उठायच्या नाहीत.

या उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही दोघं न कळवता गेलो. दार उघडंच होतं. सासरे पडद्यासमोर बसून वाचत होते, आणि चक्क न अडखळता.

"चांदूर बाजार. मुलींच्या शाळेची नवीन इमारत पूर्ण. विद्यार्थिनींमध्ये आनंदाचे वातावरण."

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या.

"अकोला. मोर्णा नदी स्वच्छ. पाण्यात मासोळ्या दिसू लागल्या. नागरिकांनी समाधान व्यक्त केले."

मोर्णा मी आत्ताच पुलावरून नाक दाबून ओलांडली होती. "मामाजी, हे कोणत्या पेपरात..." म्हणत मी पुढे झालो, तर सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. पडदा काळा होता. लाइट गेलेली होती. छताचा पंखाही थांबला होता, आणि सासूबाई सासऱ्यांच्या मागे बसून हातपंख्याने त्यांना वारा घालत होत्या. हळू, एका लयीत, जराही खंड न पडू देता.

"मंग?" त्या म्हणाल्या. "वाचा ना पुढं."

सासऱ्यांनी चाक फिरवलं आणि पुढची बातमी सुरू केली.

परतताना बस सुटली. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला यूपीएस आणतोच. गुपचूप टेबलाखाली ठेवून देईन. पन्नी काढून."

बायको खिडकीबाहेर बघत होती.

"आता कायले?" ती म्हणाली. "आईसाठी एक हातपंखा घ्या. तिचा कडेनं उसवला हाय."