कंटिन्युइटीचा घड

केळीचा घड पुन्हा ट्रॉलीतून खाली उतरवला गेला. तो चढवतानाचा शॉट दिग्दर्शकाच्या मनासारखा आला नव्हता.

सावद्याजवळच्या या बागेत आमची टीम छोटी फिल्म करायला शिकत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका जाहिरात एजन्सीने डिजिटल कॅमेरा घेतला आणि पुण्याहून तज्ज्ञ बोलावून वर्कशॉप भरवलं. एजन्सीच्या मालकाचा मेहुणा दिग्दर्शक झाला. कॅमेऱ्यावर धुळ्याचा भटू, लग्नांचे व्हिडिओ काढणारा. निवेदन लिहायला मी, वर्तमानपत्रातून उसना घेतलेला. सरावासाठी विषय मात्र खरा होता. बागायतदार नाना आपली केळी फोमवर ठेवून, पेटीत भरून, डाग न पडू देता पाठवतात, हे दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला दाखवायचं होतं. पटलं तर तो वर्षभर नानांचा माल उचलणार होता.

मेहुण्याने वर्कशॉपमधून दोन शब्द उचलले. रिटेक, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेणं. कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये तीच दिसणं. केळी कशी हाताळतात, हे जळगावात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागेल असं तज्ज्ञाला वाटलं नसावं.

घड ऊन उतरेपर्यंत खांद्यावरून ट्रॉलीत चढत आणि उतरत राहिला. डिजिटलमध्ये टेप वाया जात नाही, पुसून पुन्हा वापरता येते, असं मेहुणा सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगचा क्लोजअप होता. कालचा घड समोर आला.

“बठ्ठं काळं पडी गयं,” भटू म्हणाला. “क्लोजअपमा दिसी.”

“दुसरा घड घ्या ना भाऊ, बाग भरेल हाये,” नाना म्हणाले.

“नाना, ही फिल्म आहे,” मेहुणा म्हणाला. “ घड बदलला की प्रेक्षकाच्या लक्षात येतं.”

“आन् डाग?”

“डागांमुळेच कळतं ना, की घड कालचाच आहे.”

तज्ज्ञाने मान डोलावली. निवेदन आधीच रेकॉर्ड झालं होतं. त्यामुळे ‘फळाला ओरखडाही पडत नाही’ हे वाक्य नेमकं काळ्या फण्यांवर आलं.

जळगावच्या एका हॉटेलात फिल्म दाखवली. नाना इस्त्रीचे कपडे घालून पुढे बसले होते. व्यापाऱ्याने शेवटपर्यंत पाहिली आणि हिंदीत एवढंच विचारलं, की दाखवण्यासाठी निवडलेला घड हाच का?

मेहुण्याला हा प्रश्न कौतुकाचा वाटला. “यही, साहब. शुरू से आखिर तक एक ही घड है.”

व्यापारी चहा घेऊन निघाला. आठवड्याभरात त्याने रावेरकडच्या एका बागायतदाराशी सौदा केला. त्या माणसाची फिल्म नव्हती.

तज्ज्ञाने वर्कशॉपच्या अहवालासाठी नानांचा अभिप्राय मागितला. नाना म्हणाले, “त्या व्यापाऱ्याले बागेतच आणलं असतं त बरं झालं असतं.” अहवालात हे वाक्य आलं नाही. टीमला सर्टिफिकिटं मिळाली. मेहुण्याच्या सर्टिफिकिटावर कंटिन्युइटीचा खास उल्लेख होता.

डिजिटल कॅमेऱ्याने एक शॉट कितीही वेळा घेता येतो. केळीचा घड तितक्या वेळा उचलता येत नाही.