गांडुळांच्या बादलीचं झाकण

सूनबाईने गच्चीत गांडुळांची बादली ठेवली, त्याला दोन महिने झाले. वर टांगलेल्या मडक्यातलं पाणी थेंबथेंब बादलीत पडतं, शेणातून, पालापाचोळ्यातून झिरपतं आणि खालच्या तोटीतून चहासारखं तपकिरी होऊन बाटलीत उतरतं. त्यात दहापट पाणी घालून ती ते झाडांवर फवारते.

"आई, मोगऱ्याला कळ्या आल्या बघा," ती म्हणाली. उन्हाळ्यात मोगरा फुलतोच, मी मनात म्हटलं. बाटलीतल्या पाण्याचा तो रंगही मला नुसता शेणाचाच वाटतो. आत गांडुळं काही करतात की आयतं खाऊन पडून असतात, कोण जाणे.

म्हणून ती ऑफिसला गेली की मी गच्चीत जाऊन झाकण पटकन उचलते. दरवेळी तेच. उजेड पडताच गांडुळं आकसतात आणि खाली दडी मारतात. एकालाही मी अजून काम करताना पकडलेलं नाही. बाटली मात्र रोज भरते. माझ्यासारख्या संशयी माणसाला बहुतेक थांबलेलंच जग बघायला मिळत असावं.

काल संध्याकाळी ती काहीतरी गुणगुणत भाजी शिजवत होती. मी सवयीने आत गेले आणि कढईवरचं झाकण उचललं, तेल जास्त तर नाही ना ते बघायला. तिचं गुणगुणणं थांबलं. ती ओट्यापासून बाजूला सरकली.

मी झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन बसले. आत पुन्हा गुणगुणणं सुरू व्हायला बराच वेळ लागला.