देव्हाऱ्यातला राक्षस
परवा घर रंगवायला काढलं तेव्हा देव्हाऱ्यामागून एक चित्र निघालं. त्याला अजून उदबत्तीचा वास होता. कंपनीनं मला ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं, तेव्हा तिथं प्रवाशांना विकतात त्यातलं हे गमतीचं चित्र मी आणलं होतं. डोक्यावर शिंगं, तोंडात सुळे, अंगात भिक्षूची कफनी, आणि देवाचं नाव घेत दान मागणारा राक्षस. वरून साधू, आतून लबाड, अशा माणसांची ती थट्टा. ओतूरला घरी आल्यावर आईला हे मी दोनदा समजावलं. तरी चार दिवसांनी बघतो तर राक्षस देव्हाऱ्यात, कपाळाला कुंकू, पुढं खडीसाखर. “अगं, राक्षस आहे तो!” मी ओरडलो. “असंना का. लांबून आलाय, पावणा हाय,” आई म्हणाली. मग शेजारणी नमस्काराला यायला लागल्या आणि एकेकीला सांगून माझा घसा बसला. शेवटी चुलते आले. कपाळाला बुक्का, तोंडात हरिनाम, आणि दर वर्षी आमचा बांध वीतभर कोरणार. हात जोडून त्यांनी विचारलं, “कुठला देव म्हनायचा ह्यो?” मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, “तुमच्यावानीच हाय, भावजी. सारखं देवाचं नाव घेतो.” चुलते लई खूश झाले, खडीसाखर तोंडात टाकून गेले. “म्हणजे तुला कळलं होतं?” मी विचारलं. “दोनदा सांगितलंस की,” आई म्हणाली. चुलत्यांवर मी तेव्हाही हसलो आणि आजही हसतो, पण आठ दिवस मला उगाच घसा फोडायला लावल्याबद्दल आईवरचा राग अजून पुरता गेलेला नाही.